चित्रात आवाज आहे

छायाचित्राला कान नसतात, असे दामूअण्णा वरोडे यांनी एकदा हातमागावर बसल्या बसल्या मला सांगितले होते. त्या वेळी आम्ही दोघेही मनमुराद हसलो. पुढे विज्ञानाने सिद्ध केले की छायाचित्राला कान असतात. आणि ते सिद्ध झाल्यापासून दामूअण्णांच्या घरातील एका व्यक्तीचे म्हणणे कोणालाही ऐकू येईनासे झाले. हे कसे घडले, ते मी माझ्या अल्पमतीप्रमाणे क्रमाने मांडीत आहे.

माझे नाव सुकदेव लोणारी. येवल्यात साळी गल्लीच्या तोंडाशी माझा फोटो स्टुडिओ आहे. माझे शालेय शिक्षण नववीपाशी थांबले, पुढचे मी नगरवाचनालयाच्या कपाटांतून मिळवले. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यावर लग्नाची कामे आटली, तेव्हा मी एका परदेशी कंपनीच्या चित्रभांडाराला छायाचित्रे पाठवू लागलो. भांडारात जगभरच्या लोकांनी चित्रे ठेवायची, आणि दिनदर्शिका, जाहिराती, पुस्तके काढणाऱ्यांनी ती विकत घ्यायची, असा तो व्यवहार. आमच्या गावात विकण्याजोगे दृश्य एकच : पैठणी आणि ती विणणारे हात.

असे हात माझ्या शेजारीच होते. दामूअण्णा विधुर, अपत्यहीन, अत्यंत मायाळू गृहस्थ. त्यांची धाकटी बहीण चंदाताई जन्मतः बहिरी, त्यामुळे बोलणेही शिकली नव्हती. परंतु पदरावरचा मोर विणण्यात तिचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. भावा-बहिणीचे सारे संभाषण हातांनी चाले. अण्णांनी त्या खुणा लहानपणापासून जुळवीत आणल्या होत्या. त्यांतल्या थोड्याफार मलाही येत.

भांडाराच्या दाराशी एक परीक्षक बसलेला असे. तो मनुष्य नव्हता, संगणक होता. चित्राचा विषय कितीही सुंदर असो, तो आधी चित्राची प्रकृती तपासी, आणि दोष आढळला की चित्र नाकारून कारण कळवी. कारणे इंग्रजीत ठरलेली. ती मराठीत आणण्याचे काम दुसऱ्या संगणकाकडे होते.

माझे पहिले चित्र परत आले तेव्हा लिहिले होते, "केंद्र मऊ आहे." मी विनयपूर्वक उत्तर धाडले की पैठणी रेशमाची असल्याने ती मऊच असते, तरी स्वीकार व्हावा. दुसरे चित्र परत आले : "जांभळी किनार आढळली." मी कळवले की गिऱ्हाइकाने जांभळ्याच काठाची पैठणी मागितली होती, हा दोष विणकराचा नाही आणि माझाही नाही. पुढे मला उमगले की मऊ म्हणजे नेम चुकून पुसट आलेले चित्र; आणि जरीसारखी चकाकती वस्तू टिपताना भिंगातून प्रकाशाचे रंग फाकतात, कडेला जांभळी रेघ उमटते, तिला ते किनार म्हणत होते. परंतु ते पुढे. तिसरे कारण जे आले, त्याने मला पुरते चक्रावले.

"चित्रात आवाज आहे."

मी तडक अण्णांच्या घरी गेलो. माग जोरात चालू होता. धोटा इकडून तिकडे जात होता, फणी ठोकली जात होती, जमीन हादरत होती.

"अण्णा, माग थांबवा बरं. कंपनी म्हणते, चित्रात आवाज येतोय."

अण्णांनी पायाखालचा पायटा सोडला, माग थांबला. "कशात?"

"फोटोत."

"अहो सुकदेवराव, फोटोला कान असतात का?"

"आपल्या फोटोला नसतील. परदेशातल्या यंत्राला असतील."

"मग एक करा. वहिनींचा फोटो चुकूनही पाठवू नका. मशीन बसेल."

माझी पत्नी शैला त्याच क्षणी चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, चहा आणला होता. नेते परत."

"अहो वहिनी, मशीन ऐकत बसेल म्हणालो. तुमचं गोड बोलणं!"

मी दारात पाऊल टाकल्यापासून हसण्याच्या या कल्लोळापर्यंत माझे बोट कॅमेऱ्याच्या बटणावर दाबलेले होते आणि चित्रांची माळच्या माळ निघत होती. तीही माळ मी पाठवली. तीही नाकारली गेली.

नंतर मी ठरवले की आवाजाचा प्रश्नच मुळापासून मिटवावा. मी चंदाताईचे चित्र काढायचे ठरवले. जी बोलत नाही, तिच्या चित्रात आवाज कोठून येणार? अण्णा बाहेर गेले होते. माग बंद, पंखा बंद, दार लोटलेले. शैलेला मी उंबऱ्याबाहेर बसवले आणि शपथ घातली. सवयीने चंदाताईपुढेही ओठांवर बोट ठेवले, की शांत राहा. ती माझ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या छातीला बोट लावून डोळे विस्फारले. मी? मला सांगताय? आणि निःशब्द हसली, इतकी की खांदे हलू लागले. त्या दिवसापासून ती मला गल्लीत कोठेही भेटली की आधी ओठांवर बोट ठेवी. तो आमचा नमस्कारच होऊन बसला.

त्या दिवशी ती मागावर बसली आणि एक तुटलेला धागा सांधू लागली. रेशमाचे टोक ओठांत धरून ओले करायचे, मग दुसऱ्या टोकाशी पीळ द्यायचा, अशी ती रीत. खिडकीतून येणाऱ्या मंद उजेडात तिचा चेहरा फार शांत दिसत होता. मी बटण दाबून ठेवले.

उत्तर आले : "चित्रात आवाज आहे."

शैला पदर तोंडाला लावून हसली. "मुक्या बाईच्या फोटोत आवाज! अहो, तुमच्या त्या कंपनीला एकदा देवऋषीकडे न्या."

तेव्हा मी महाविद्यालयातील एका प्राध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, इंग्रजीत या दोषाला जो शब्द आहे, त्याचा बाहेरच्या जगात अर्थ गोंगाट असा होतो. चित्रात मात्र त्याचा अर्थ कण. अंधाऱ्या खोलीत उजेड पुरत नाही, मग कॅमेरा आपली संवेदना ताणतो, आणि ताणलेल्या संवेदनेला नसलेले ठिपके दिसू लागतात. रवा सांडल्यासारखे. रेशमाचा रंग उडू नये म्हणून आमच्या माग-घरांच्या खिडक्या लहान असतात. दोष त्या अंधाराचा होता. बिचाऱ्या अण्णांचा माग मी विनाकारण थांबवीत होतो.

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे अंधारात बघायचा अट्टहास केला की नसलेलं दिसतं. त्यासाठी प्रोफेसर कशाला हवा?"

मी अण्णांच्या माग-घराच्या छतात काच बसवून घेतली. पुढची चित्रे स्वीकारली गेली. नाकारलेली चित्रे कंपनीपाशीच पडून राहिली. ती परत मागण्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली होती, ती येथे नमूद केली पाहिजे. बुऱ्हाणपूरच्या गजानन नावाच्या विणकराने चंदाताईला मागणी घातली होती. अण्णांनी तिला खुणेने विचारले. तिने मागाच्या तुळईवर हात ठेवला आणि मान हलवली : नाही. अण्णांनी नकार कळवला. विषय मिटला.

यावर दहा-बारा वर्षे गेली.

मधल्या काळात जग चित्रांनी विटले. संगणक स्वतःच चित्रे घडवू लागले, आणि ती इतकी निर्दोष की खऱ्या-खोट्याचा भरवसा उरला नाही. निर्दोष चित्राला किंमत राहिली नाही. तेव्हा आमच्या कंपनीतील शास्त्रज्ञांचे लक्ष गोदामातल्या नाकारलेल्या चित्रांकडे गेले, आणि त्यांना त्यांत एक नवल सापडले.

ते नवल असे. आवाज म्हणजे हवेचे कंपन. कॅमेऱ्यातले भिंग आजकाल घट्ट बसवलेले नसते. हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून ते नाजूक आधारांवर तरंगते ठेवलेले असते. जवळ कोणी बोलले की ते भिंग थरथरते, डोळ्यांना कळणारही नाही इतके सूक्ष्म. शिवाय कॅमेरा सबंध चित्र एकदम टिपीत नाही. पैठणी जशी एकेक ओळ विणत पुढे जाते, तसा तो वरून खाली एकेक ओळ टिपत येतो. भिंग थरथरत असेल तर प्रत्येक ओळ केसभर इकडे किंवा तिकडे सरकलेली असते. ते सरकणे मोजले की आवाजाची लाट हाती येते. चांगल्या चित्रांत कॅमेरा या ओळी स्वतःच सरळ करून टाकतो, त्यामुळे आवाज पुसला जातो. माझ्यासारख्यांच्या कच्च्या, सदोष चित्रांत मात्र तो जसाच्या तसा राहिला होता.

एका चित्रात एका अक्षराचा तुकडाच मावतो. परंतु माळ असेल तर असे पुष्कळ तुकडे मिळतात, आणि मधल्या पोकळ्या यंत्र अनुमानाने भरते. त्यासाठी ते ओठांची ठेवण पाहते, वय पाहते, गळ्याची घडण पाहते, रक्ताच्या नातेवाइकांचे आवाज तपासते. उभे धागे खरे, आडवे धागे अनुमानाचे. विणून झाल्यावर कोणता धागा कोणता, ते सांगता येत नाही.

या यंत्राला कंपनीने नाव दिले "हाक". जुन्या चित्रांतील माणसांचे आवाज ज्याचे त्याला ऐकवण्यासाठी तिचे प्रतिनिधी गावोगाव फिरू लागले. आमच्याकडे आला तो पाटणकर नावाचा सभ्य तरुण होता. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत पोळीच्या डब्याएवढे यंत्र होते.

त्याने पहिली माळ लावली ती अण्णांच्या मागाची. आधी खरखर झाली, मग धप्, धप्, धप्. फणीचा ठोका! आणि त्यामागून, विहिरीच्या तळातून यावा तसा, अण्णांचाच दहा-बारा वर्षांपूर्वीचा आवाज आला : "...फोटोला कान असतात का?"

कोणी हसले नाही. शैलेने माझा दंड घट्ट धरला. अण्णा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. ते हळूच म्हणाले, "असतात म्हणायचे."

आणि लगेच पुढे विचारले. "पाटणकर साहेब, आमच्या चंदीचा फोटो आहे का हो यात?"

"अण्णा," मी म्हणालो, "चंदाताई बोलत नाही."

"बहिरी आहे म्हणून बोलत नाही, सुकदेवराव. गळा चांगला आहे तिचा. डॉक्टरांनी सांगितलेलं आईला, पोरीला आवाज आहे, फक्त तिला तो माहीत नाही." ते पाटणकरकडे वळले. "बघा तरी."

पाटणकरने ती माळ लावली. मंद उजेड, ओठांत धरलेला रेशमाचा धागा. यंत्राने पुष्कळ वेळ घेतला. अण्णांकडून त्याने चार वाक्ये बोलून घेतली, नातेवाइकाचा आवाज म्हणून. मग एक बाईचा आवाज खोलीत उमटला. कोवळा, जरासा घोगरा, अण्णांच्या आईच्या वळणाचा.

"मी जाते."

एवढेच.

अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. चंदाताई कोपऱ्यात धाग्याच्या कांड्या भरीत बसली होती. तिला काहीच ऐकू आले नव्हते. तिने पाहिले ते केवळ रडणारा भाऊ. ती उठली, तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला.

"चंदे," अण्णा तोंडाने बोलत होते, खुणा करायचेही विसरले होते, "तू बोललीस गं."

दुर्दैव असे की बुऱ्हाणपूरचे गजाननराव आता विधुर झाले होते, आणि त्यांची मागणी त्याच महिन्यात पुन्हा आली होती. घरात अंथरुणाला खिळलेली आई होती, तिचे करायला माणूस हवे होते. चंदाताईने पुन्हा मागावर हात ठेवून नकार दिला होता आणि अण्णा पुन्हा नकार कळवणार होते. आता त्यांना निराळाच हिशेब दिसू लागला.

"तेव्हाच जायचं होतं तिला," ते मला म्हणाले. "मी विचारलं, तिनं हात हलवला, मी समजलो, नाही म्हणते. माझ्यापायी नाही म्हणाली असेल. आणि मी बाहेर गेल्यावर एकटीच धागा ओला करत तोंडातल्या तोंडात खरं बोलली. इतकी वर्षं कोंडून ठेवली मी तिला."

"अण्णा, तिथं मी होतो. कोणी काही बोललं नाही."

"तुम्हाला ऐकू कसं येणार? कानाला न कळणारं ऐकतं ते यंत्र."

"कण आहेत ते! अंधाराचे कण. उजेड कमी होता म्हणून..."

पाटणकर आदबीने मध्ये बोलला. "काका, एक मिनिट. तुमच्या खात्यावर या चित्राचा जुना शेरा दिसतोय." त्याने पडदा अण्णांपुढे धरला. शेरा मराठीतच होता. अण्णांनी तो बोट फिरवीत मोठ्याने वाचला.

"चित्रात आवाज आहे."

"शब्द चुकलेला आहे तो!" मी म्हणालो. "तुमच्याच कंपनीचा. तुम्हाला ठाऊक आहे तो शब्द काय ते."

पाटणकरने शेरा पुन्हा वाचला. "मी इथं येण्याआधीचं आहे ते, काका. पण नोंद तर अशीच आहे."

अण्णा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "कंपनीनं तेव्हाच लिहून दिलं होतं, सुकदेवराव. आपण हसलो. वहिनी तर केवढ्या हसल्या."

तेवढ्यात चंदाताई पुढे आली. पडद्यावर स्वतःचे चित्र पाहून तिला काहीतरी उमगले असावे. ती मागाकडे गेली, एक धागा मुद्दाम तोडला, त्याचे टोक ओठांत धरले, ओले केले, पीळ दिला. पुन्हा तोडला, पुन्हा ओठांत धरला. आमच्याकडे बघत राहिली. इतके स्वच्छ उत्तर मी आजवर कोणत्या सुशिक्षिताच्या तोंडून ऐकलेले नाही.

"बघा अण्णा! ओठ धाग्यासाठी उघडलेत. यंत्राला वाटलं 'जाते' म्हणतेय."

"धागा ओला करताना माणूस बोलत नाही का?" अण्णा म्हणाले. "मी तर बोलतोच की."

मी हार मानली नाही. मला एक प्रयोग सुचला. चित्रे नाकारली जात होती त्या जुन्या काळात मी एका साडीच्या दुकानातील बाहुलीच्या, म्हणजे पैठणी नेसवलेल्या प्लास्टिकच्या पुतळ्याच्या चित्रांची माळ पाठवली होती, आणि तीही आवाजाच्या कारणाने नाकारली गेली होती. ती मी पाटणकरकडून लावून घेतली. यंत्र बाहुलीच्या चेहऱ्यावर थांबले, आणि गोड आवाजात बाहुली म्हणाली, "या, बसा ना."

मी विजयाने अण्णांकडे पाहिले. "आता बोला! प्लास्टिक बोलतं का?"

"दुकान आहे ते," अण्णा शांतपणे म्हणाले. "'या, बसा' कोणीतरी म्हणालंच असेल की. उलट बरोबर ऐकलंय त्यानं."

शैला एकदम म्हणाली, "अण्णा, यंत्राचं राहू द्या. ताईला आत्ता विचारा. आत्ता, समोर."

अण्णांनी विचारले. हाताने बुऱ्हाणपूरची दिशा दाखवली, मंगळसूत्राची खूण केली. चंदाताईने मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. मागाच्या तुळईला दोन्ही हातांनी धरून हलवली.

"लाजते," अण्णा म्हणाले. "माझी काळजी करते. हाताचं काय, वहिनी, हात माणूस बघून बदलतो. आवाज आतून येतो."

तेव्हा जे झाले ते लिहिताना माझी लेखणी अडखळते. भाऊ आपल्या हातांकडे बघतच नाही, तोंडाकडे बघतो आहे, हे चंदाताईला कळले. तिने तोंड उघडले. आणि त्या घरात कधी कोणी न ऐकलेला एक ध्वनी बाहेर आला. त्याला अक्षर नव्हते. कोरड्या रहाटासारखा, फाटलेला, ओबडधोबड. "आँ... आँह्..." ती सगळा जीव गळ्यात आणून तो काढीत होती आणि मान हलवीत होती.

अण्णा घाबरले. त्यांनी तिचे खांदे धरले, तिचे केस मागे सारले, एखाद्या लहान मुलीला गप्प करावे तसे.

"नको, नको, चंदे. असा आवाज करू नको. हा तुझा आवाज नाही." त्यांनी यंत्राकडे बोट दाखवले. "तुझा आवाज मी ऐकलाय."

ती थांबली.

पुढे मी जे जे करता येईल ते केले. कंपनीला लिहिले की ते चित्र नष्ट करावे. उत्तर आले की नाकारलेल्या चित्रावर पाठवणाऱ्याचा हक्क उरत नाही, आणि स्वीकारलेल्यावर तर मुळीच नाही. ज्या प्राध्यापकांनी मला शब्दाचा अर्थ सांगितला होता, त्यांना साक्षीला नेण्याचे मनात होते. ते मुलाकडे परदेशी राहायला गेले होते. त्यांना दूरध्वनी लावला, तर ते म्हणाले की यंत्र बहुतेक वेळा बरोबर असते, या विशिष्ट चित्रात काय झाले ते आता कोणीच सांगू शकणार नाही. हे अण्णांच्या समोरच झाले. अण्णांनी मान डोलावली.

शैला एकदा ठरवून एकटीच भांडायला गेली. परत आली. मी विचारले, काय म्हणाले?

"म्हणाले, वहिनी, तुमच्या नवऱ्याचे एवढे फोटो नापास झाले, एकातून काहीतरी खरं निघालं, तर तेही खोटं म्हणता." ती ताटात तांदूळ निवडीत होती. "आणि रडत होते हो. रडणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?"

चंदाताईही, मला वाटते, याच कारणाने थकली. अण्णा रोज तिच्यापुढे बसून क्षमा मागत, हात जोडत, जेवत नसत. तिने होकार कधीच दिला नाही. एके दिवशी तिने मान हलवायचे तेवढे थांबवले. घरातल्यांनी त्यालाच होकार मानले. मागावर अर्धा राहिलेला पदर तिने पुरा केला. त्यातला शेवटचा मोर मी पाहिला आहे. त्याची चोच मिटलेली आहे. मोराची चोच अशी कोणी विणत नाही.

लग्न गावातल्याच मंगल कार्यालयात झाले. छायाचित्रांसाठी अर्थातच मला बोलावणे आले. "दुसऱ्या कोणाला कशाला?" अण्णा म्हणाले. "तुमच्या फोटोमुळेच तर हे जुळलं." ते हे मनापासून, माझा हात हातात घेऊन म्हणाले.

आता नोंदणीसाठी वधूवरांचे छायाचित्र यंत्राने प्रमाणित करून घ्यावे लागते. खरे-खोटे तपासायला तोच जुना परीक्षक नेमलेला आहे. कॅमेऱ्यातूनच चित्र परस्पर त्याच्याकडे जाते. मी वधूवरांना कार्यालयाच्या काचेच्या छताखाली, भरपूर उजेडात उभे केले. गजाननराव सज्जन दिसत होते. मांडवात सनई, मुले, पंगतीचा गलका चालू होता. मी सवयीप्रमाणे वळून सगळ्यांना गप्प राहा म्हणणार होतो. मग आठवले की त्याचा चित्राशी काही संबंध नसतो.

कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा चंदाताई माझ्याकडेच बघत होती. तिने सावकाश हात वर केला. मला वाटले ती नेहमीसारखा नमस्कार करते आहे, आणि माझाही हात नकळत माझ्या ओठांकडे गेला. परंतु तिने बोट स्वतःच्या ओठांवर ठेवले नाही. ते माझ्याकडे रोखले, क्षणभर तसेच धरले, आणि खाली सोडले.

मी बटण दाबले. उत्तर लगेच पडद्यावर आले. इतक्या वर्षांत त्या कंपनीने आपली भाषा सुधारलेली नव्हती.

"चित्र स्वीकृत. केंद्र कठीण आहे. किनार आढळली नाही. चित्रात आवाज नाही."